विश्लेषण : इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, मग घराचे काम कोणाकडे सोपवायचे?

नव्या इमारतीत ताबा मिळू लागला, की आठवडाभरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे पार्किंगचा वाद आणि दुसरी म्हणजे ‘कोणी चांगला इंटिरिअरवाला सांगेल का?’ ही विचारणा. लगेच पाच-सात नंबर येतात. कोणी मेहुण्याचा मित्र असतो, कोणी वरच्या मजल्यावर काम करणारा मिस्त्री, तर कोणी घरबसल्या त्रिमितीय चित्रे पाठवणारी कंपनी. गृहकर्जाचा पहिला हप्ता सुरू झालेला असतो, जुन्या घराचे भाडे चालूच असते आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर राहायला जायचे असते. अशा घाईत काही लाखांचे काम एका फोनवर ठरते. गाडी घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढीही येथे होत नाही.

कोणीही स्वतःला इंटिरिअर डिझायनर म्हणवू शकतो का?

होय. डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे या व्यवसायासाठी आपल्याकडे सक्तीची नोंदणी नाही. कायद्याने संरक्षण आहे ते ‘आर्किटेक्ट’ म्हणजे वास्तुविशारद या बिरुदाला. वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच ते लावता येते. मात्र येथेही एक बारकावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या निकालात स्पष्ट केले, की या कायद्याचे कलम ३७ बिरुदाच्या वापरावर बंदी घालते, त्या स्वरूपाचे काम करण्यावर नाही. म्हणजे आराखडे काढणाऱ्या प्रत्येकाकडे नोंदणी असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही या व्यवसायातील संस्था १९७२ पासून काम करते. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. सदस्य असणे ही जमेची बाजू आहे, पण नसणे हा गुन्हा नाही. पदवी-पदविकांचेही तसेच. कोणी चार-पाच वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला असतो, तर कोणी काही महिन्यांत सॉफ्टवेअर शिकून व्हिजिटिंग कार्ड छापलेले असते. दोघांच्या कार्डावर शब्द एकच असतो.

तेव्हा ‘तुम्ही काय शिकलात, कुठे शिकलात आणि कोणाच्या हाताखाली किती वर्षे काम केले’ हे सरळ विचारावे. समोरचा स्वतःला आर्किटेक्ट म्हणवत असेल, तर नोंदणी क्रमांक मागावा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळावा. हा क्रमांक ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होतो. त्याचा सनदी लेखापालाशी संबंध नाही. विचारल्याचा राग येणाऱ्या माणसाबरोबर पुढचे तीन-चार महिने काढायचे आहेत, हेही लक्षात घ्यावे.

डिझायनर, कंत्राटदार आणि ‘टर्न-की’वाले यांच्यात फरक काय?

डिझायनर आराखडा करतो, साहित्य सुचवतो आणि कामावर देखरेख ठेवतो. त्याचे शुल्क एकरकमी, चौरस फुटावर किंवा एकूण खर्चाच्या टक्क्यांत ठरते. कंत्राटदार सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, पीओपीवाले यांना कामाला लावून ते काम पूर्ण करतो. टर्न-की पद्धतीत दोन्ही कामे एकाच पक्षाकडे असतात. ग्राहकाने पैसे द्यायचे आणि तयार घराची किल्ली घ्यायची.

टर्न-की सोयीचे असते, यात शंका नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याला रोज साइटवर जाणे शक्य नसते. पण त्यात एक गोष्ट हातची जाते. आराखड्यात लिहिलेले प्लायवूडच वापरले का, हे तपासणारा आणि ते आणणारा माणूस एकच होतो. डिझायनर वेगळा असेल, तर तो निदान कंत्राटदाराचे बिल वाचून त्यातील चुका काढतो. टक्केवारीवर शुल्क घेणाऱ्याबाबत वेगळी अडचण आहे. खर्च वाढला की त्याचे उत्पन्नही वाढते. शिवाय टाइल्स, लॅमिनेट, दिवे यांच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन मिळण्याची प्रथा या व्यवसायात उघड गुपित आहे. ‘दुकानाकडून काही मिळत असेल तर ते बिलातून वजा करणार का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला, तर पुढचा बराच संकोच टळतो.

मोठ्या मॉड्युलर कंपन्यांत दालनात भेटणारा ‘डिझायनर’ अनेकदा विक्री विभागाचा कर्मचारी असतो आणि घरात काम करणारी टोळी स्थानिक कंत्राटदाराची असते. त्यात गैर काही नाही. फक्त काम बिघडल्यावर जबाबदार कोण, याचे उत्तर लेखी घ्यावे. आणि एक कपाट, टीव्हीचे युनिट एवढेच करायचे असेल, तर डिझायनरची गरजच नाही. ओळखीचा, हात बसलेला सुतार ‘लेबर रेट’वर लावून साहित्य स्वतः आणणे स्वस्तही पडते आणि मालाची खात्रीही राहते.

‘ही भिंत काढून टाकू’ असे सांगणाऱ्याचे ऐकावे का?

डिझायनरची खरी परीक्षा येथे होते. हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढण्याची कल्पना चित्रात छान दिसते. ती भिंत विटांची किंवा ब्लॉकची आणि फक्त आडोशाची असेल, तर प्रश्न मर्यादित राहतो. पण जुन्या, बिनखांबांच्या इमारतींत भिंतीच मजल्यांचा भार पेलतात. नव्या उंच इमारतींतही चित्र बदलले आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला बांधकामावर ‘मिवान’ म्हणतात, बांधलेल्या अनेक इमारतींत आतल्या बहुतेक भिंती सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीच्या सांगाड्याचाच भाग असतात. तेथे भिंत पाडणे तर सोडाच, वायरच्या पाइपासाठी लांबलचक आडवी खाच पाडणेही धोक्याचे असते.

घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. एका सदनिकेतील बदल ही त्या सदनिकेपुरती बाब नसते, हे सांगायला आणखी उदाहरणाची गरज नाही.

म्हणून भिंत, तुळई, खांब, स्लॅब यांना हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे लेखी मत घ्यावे. सोसायटीची लेखी परवानगी लागतेच. शिवाय बदलाच्या स्वरूपानुसार पालिकेचीही लागू शकते. ‘साहेब, काही होत नाही, सगळेच करतात’ असे उत्तर देणारा कंत्राटदार कितीही स्वस्त असला, तरी त्याला तेथेच नमस्कार करावा.

नव्या घराबाबत आणखी एक मुद्दा आहे. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. मात्र अनेक करारनाम्यांत असेही कलम असते, की ग्राहकाने बिल्डरच्या लेखी संमतीविना स्नानगृह, शौचालय, स्वयंपाकघरातील पाइप किंवा फिटिंगमध्ये बदल केले, तर ही जबाबदारी संपेल. बिल्डरने बसवलेल्या टाइल्स आवडल्या नाहीत म्हणून नव्याकोऱ्या बाथरूमची फरशी उखडली जाते. त्याखालचे वॉटरप्रूफिंग फाटते आणि पहिल्याच वर्षी खालच्या घराच्या छताला ओल येते. मग बिल्डर डिझायनरकडे बोट दाखवतो, डिझायनर प्लंबरकडे आणि खालच्या मजल्यावरचे काका तुमच्या दारात उभे राहतात. फरशी बदलायचीच असेल, तर वॉटरप्रूफिंग नव्याने करून घ्यावे आणि टाइल्स लावण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी. ही चाचणी करारातच लिहिलेली हवी.

कोटेशनमध्ये फसगत नेमकी कुठे होते?

तीन कोटेशने घ्यावीत, असे सगळेच सांगतात. ती घेऊनही फसगत होते, कारण तिघांनी वेगवेगळ्या गोष्टींचे दर दिलेले असतात.

उदाहरणादाखल ७ फूट रुंद आणि ८ फूट उंच कपाट घेऊ. फर्निचरचा दर साधारणपणे दर्शनी भागाच्या चौरस फुटावर लावतात. म्हणजे हे कपाट ५६ चौरस फुटांचे झाले. एकाने १,४०० रुपये दर दिला, एकूण ७८,४००. दुसऱ्याने १,२०० रुपये दिला, एकूण ६७,२००. दुसरा ११,२०० रुपयांनी स्वस्त वाटतो. पण पहिल्याच्या दरात तीन ड्रॉवर आणि आतल्या बाजूचे लॅमिनेट धरलेले आहे. दुसऱ्याने ड्रॉवरचे प्रत्येकी ३,००० आणि आतल्या फिनिशचे ६,००० रुपये ‘एक्स्ट्रा’ म्हणून नंतर लावले, तर त्याचे कपाट ८२,२०० रुपयांना पडते. तोपर्यंत निम्मे काम झालेले असते आणि आगाऊ रक्कमही गेलेली असते. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण पद्धत घरोघरी तीच.

त्यामुळे दर विचारण्याआधी कामाची यादी आपण करावी आणि तीच यादी तिघांना द्यावी. प्रत्येक वस्तूची लांबी, उंची, खोली. आत किती कप्पे, किती ड्रॉवर. आतून रंग की लॅमिनेट. बिजागऱ्या, चॅनेल आणि हँडल कोणत्या कंपनीचे. काच, कुलूप, दिवे धरलेले आहेत की नाहीत, हे सगळे त्यात हवे. ‘चांगल्या प्रतीचे’, ‘स्टँडर्ड’, ‘ब्रँडेड’ हे शब्द कोटेशनमध्ये दिसले, की त्यांच्या जागी नाव आणि प्रत लिहून मागावी. जुन्या साहित्याची तोडफोड, राडारोडा उचलणे, सोसायटीची अनामत, लिफ्टचे शुल्क, कामानंतरची साफसफाई हे खर्च कोणाचे, हेही त्यातच ठरवावे. मोजमाप काम झाल्यावर दोघांनी मिळून टेपने घ्यायचे, हेही लिहून ठेवावे. चौरस फुटाच्या कामात पाच-सहा ठिकाणी अर्धा-अर्धा फूट वाढला, तर शेवटचे बिल ओळखू येत नाही.

प्लायवूड खरे की खोटे, कसे ओळखणार?

लॅमिनेट, म्हणजे आपण सरसकट सनमाइका म्हणतो ते, एकदा चिकटवले की आत काय आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. त्यामुळे तपासणी त्याआधी. प्लायवूडचा पूर्ण ताव ८ बाय ४ फुटांचा असतो. ‘एमआर’ प्रत दमट हवेपुरती ठीक, ‘बीडब्ल्यूआर’ त्याहून पाणीरोधक आणि ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक मरीन प्लायवूडचे. सिंकखालचे कपाट आणि बाथरूमलगतचे फर्निचर येथे वरची प्रत घ्यावी. बैठकीतल्या टीव्ही युनिटला मरीन लावायची गरज नाही. सगळीकडे ‘७१०’ लावतो म्हणणारा एकतर जास्त पैसे लावतो किंवा लावतच नाही.

तावावर आयएसआय चिन्हाबरोबर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला, की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, हे कळते. छापलेली जाडी आणि प्रत्यक्ष जाडी टेप लावून पाहावी. साइटवर माल उतरेल त्या दिवशी घरातील कोणीतरी हजर राहावे, तावांचे फोटो काढावेत आणि दुकानाचे बिल पाहावे. कंत्राटदाराला हे आवडेलच असे नाही. पण पंधरा वर्षे ते कपाट आपल्याला वापरायचे आहे.

जुनी कामे पाहायची, तर त्यात काय पाहायचे?

इन्स्टाग्रामवरची बरीच चित्रे संगणकावर तयार केलेली असतात. खरी खोली आणि रेंडर यांतला फरक आता सहज ओळखताही येत नाही. म्हणून किमान दोन वर्षे वापरात असलेले घर पाहायला मागावे. दोन पावसाळे गेलेले फर्निचर सगळे बोलते. सिंकखालचे दार उघडून तळ फुगला आहे का पाहावे. कपाटांची दारे एका ओळीत आहेत का, कडांची पट्टी सुटली आहे का, ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. मुंबई-कोकण पट्ट्यात भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या मागच्या फळीचा वास घेतला, तरी बुरशीचा अंदाज येतो.

घरमालकांना ‘काम आवडले का’ असे विचारून उपयोग नाही. पाहुण्यासमोर ‘हो, छान झाले’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी ठरलेल्या तारखेपेक्षा किती उशीर झाला, शेवटचे बिल कोटेशनपेक्षा किती वाढले आणि सगळे पैसे दिल्यानंतर बिघाड झाला तेव्हा फोन उचलला का, असे विचारावे. शक्य असेल तर सध्या चालू असलेली एखादी साइटही न सांगता पाहून यावी.

पैसे कधी आणि किती द्यावेत?

‘५० टक्के आगाऊ द्या, उद्या माल येतो’ ही मागणी सर्रास होते. या धंद्यात एका घराच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्या घराचे रखडलेले काम पुढे ढकलले जाते. ही साखळी कुठे तुटली, की शेवटच्या ग्राहकाच्या घरात फक्त करवतीचा भुसा उरतो. आगाऊ रक्कम १०-१५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि पुढचे हप्ते तारखेशी न जोडता कामाशी जोडावेत. विजेचे आणि प्लंबिंगचे आतले काम संपल्यावर एक, फर्निचरचे सांगाडे उभे राहून तपासल्यावर एक, लॅमिनेट-रंगानंतर एक, असे. शेवटचे ५ ते १० टक्के घर ताब्यात घेतल्यावर महिनाभराने. ड्रॉवर अडकणे, दार घासणे असल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी माणूस परत येतो, तो या रकमेसाठीच.

‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील, ताई’ हे वाक्यही ठरलेले. या कामांवर सामान्यतः १८ टक्के जीएसटी लागतो, हे खरे. पण बिलाबरोबर पुरावाही जातो. कंत्राटदाराचा जीएसटी क्रमांक १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. नोंदणी रद्द झालेली असताना कर वसूल करणारेही भेटतात. छोट्या मिस्त्रीची उलाढाल मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्याला नोंदणी नसणे बेकायदा नाही. मात्र मग त्याने बिलात जीएसटी लावता कामा नये. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, करारात ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्यावेत. ‘माझ्या भावाच्या नंबरवर टाका’ याला नकार द्यावा.

करारात काय असावे?

कोटेशनची सहीची प्रत, आराखडे आणि हप्त्यांचा तक्ता कराराला जोडलेले असावेत. काम संपण्याची तारीख, उशीर झाल्यास दर आठवड्याची कपात आणि दोष दुरुस्तीची मुदत लिहिलेली असावी. बदल फक्त लेखी, दरासहित. व्हॉट्सअॅपवरचा ‘ओके’ही चालेल, पण बोलाचालीवर नाही. विजेच्या कामासाठी शासनाचा परवाना असलेला ठेकेदार आणि तारतंत्री हवा. एसी आणि गीझरसाठी किती जाडीची वायर घातली, हे भिंत बुजवण्याआधी पाहावे. त्याच वेळी भिंतीतल्या वायर आणि पाइपांचे टेप धरून फोटो काढून ठेवावेत. पुढे एखादा खिळा ठोकताना ते फार कामाला येतात.

काम अर्धवट टाकून माणूस गेला तर?

महारेराकडे बिल्डरविरुद्ध दाद मागता येते. आपण स्वतंत्रपणे नेमलेल्या डिझायनरविरुद्ध नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पैसे घेऊन निकृष्ट किंवा अर्धवट काम करणे ही सेवेतील त्रुटी ठरते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगातही दाद मागता येते, त्यामुळे कंपनी बंगळूरुची असली तरी नाशिककराला तिकडे जावे लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे. ‘करतो, करतो’ या आश्वासनांवर ती सरून जाते.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; काही प्रकरणे तेथेच मिटतात. औपचारिक तक्रार ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी लेखी नोटीस पाठवावी आणि दुसऱ्या कंत्राटदाराला घरात आणण्यापूर्वी अर्धवट कामाचे तारीखवार फोटो, व्हिडीओ आणि एखाद्या नोंदणीकृत वास्तुविशारदाचा किंवा इंजिनीअरचा पाहणी अहवाल तयार ठेवावा. नव्या माणसाने काम सुरू केले, की आधीच्याने नेमके किती आणि कसे केले होते, हे सिद्ध करणे अवघड होते.